निजवलेला पानमळा

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागावीशी वाटते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी लेखणी धरली नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, सहीच्या जागी अंगठा उठवतात, आणि तोही आधी धोतराला पुसून घेतात, कागद मळेल म्हणून. अशा घरातल्या मुलानं चार पुस्तकं वाचावीत आणि लगेच आपल्या आठवणी लोकांपुढं मांडाव्यात, हे माझं मलाच आगाऊपणाचं वाटतं. शिवाय माझ्याजवळ गोष्ट म्हणावी असं काही नाही. एक उन्हाळा आहे, लढाईच्या दिवसांतला. त्या वर्षांत जाणत्यांनी पुष्कळ मोठं काही पाहिलं आणि लिहिलं. मी पाहिली ती एक विहीर आणि तिच्या पाण्यावर जगणारा एक पानमळा. मला तेवढंच नीट माहीत आहे, म्हणून तेवढंच लिहितो. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोर म्हणून सोडून द्यावं.

परीक्षेचे दिवस पुन्हा आले आहेत. खिडकीबाहेरच्या लिंबाला फुलोरा आला आहे आणि दुपारच्या झळीबरोबर त्याचा कडवट-गोड वास खोलीत येतो. पुस्तक उघडं असतं, ओळीवर बोट असतं, आणि मन मात्र सांगलीतल्या या खोलीतून निघून मिरजेच्या पूर्वेला, आमच्या खडकाळ शिवारात जाऊन उभं राहतं. दर उन्हाळ्यात हे असंच होतं. पहाटे घाटावर आंघोळीला जातो. कृष्णा उन्हाळ्यात अंग चोरून एका काठानं वाहते, वाळू उघडी पडते, तरी पाणी असतंच. ते पाहून मला दर वेळी थोडं चोरट्यासारखं होतं. इतकं पाणी, आणि कुणाची पाळी नाही, कुणी विचारत नाही!

माझ्या खोलीत तेव्हा पाटणचा दिनकर राहायचा. त्याच्या गावी पाऊस सुरू झाला की भिंतींना शेवाळ धरतं आणि माणसं तो थांबायची वाट बघतात. मी नदीकाठी बसून तांब्यानं मोजकं पाणी अंगावर घ्यायचो, ते पाहून तो पाण्यात उभा राहून ओरडायचा, "आरं शिरपती, नदी हाय ही, रांजण न्हवं! वत की अंगावर! तुज्या आंगुळीनं काय कृष्णामाई आटती व्हय?"

मी हसायचो. पण हात तांब्याच्या बाहेर जायचा नाही. ज्यानं लहानपणापासून पाणी पाटात येताना ऐकलं आहे, त्याच्या हाताला ते एकदम सैल सोडवत नाही.

पानमळा ज्यांनी आतून पाहिला नाही त्यांना तो कसा सांगावा? बाहेर ऊन रणरणत असतं, माळावरचे दगड तापलेले असतात, आणि बांधावरून एक पाऊल आत टाकलं की गारवा. शेवरीची उंच, बारीक झाडं रांगेनं उभी, प्रत्येक झाडाला विड्याच्या पानांची वेल चढलेली. वर हिरवं छत, खाली ओली माती, आणि मध्ये जो उजेड असतो तोही हिरवाच. लहानपणी मला वाटायचं, या उजेडात माणूस खोटं बोलूच शकत नसेल. माणसं आपोआप हळू बोलतात तिथं. आत जायचं ते अनवाणी. पायताण बांधावर काढायचं, मग तो पाटील असो की मामलेदार. बायकांनी त्यांच्या अडचणीच्या दिवसांत आत यायचं नाही. त्या दिवसांत आई बांधावर उभी राहून आप्पांशी बोलायची, आणि आप्पा आतून उत्तर द्यायचे. मला ते दोघं वेगवेगळ्या गावांत राहत असल्यासारखे वाटायचे.

वेल वर्षभर चढते. तिला लव्हाळ्याच्या पातीनं शेवरीशी बांधत जायचं. शेंड्याला पोचली की मग तिची उतरण. सगळ्या गाठी सोडायच्या, वेल अलगद खाली घ्यायची, तिच्या बुंध्याशी खड्डा करून जुना भाग वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. तो पुन्हा चढू लागतो. अशी ती वेल वर कायम कोवळी आणि खाली म्हातारी. आमच्या मळ्यातली वेल आजोबांनी लावलेली. मी आजोबांना पाहिलं नाही. पण पानं खुडताना आप्पा अंगठ्यात पत्र्याचं नख घालायचे आणि कधीकधी सहज म्हणायचे, "ही वेल म्हाताऱ्याच्या हातची हाय. खुडताना वडायची न्हाई." मग मीही ओढत नसे.

त्या वर्षी पाऊस आला नाही असं नाही. तसं म्हणणं पावसावर अन्याय होईल. आमच्याकडं मृग, आर्द्रा म्हणजे नुसती हुलकावणी. आमचं खरं पोट भरायचं ते उत्तरा आणि हस्ताच्या पावसानं. तो यायचा संथ. दिवस दिवस झिमझिम लागून राहायचा, घोंगडी वाळायची नाही, आणि रानाच्या अंगात थेंब थेंब उतरत जायचा. दिवाळीपर्यंत विहिरीत दगडांच्या सांधीतून झरे बोलायला लागायचे. त्या साली हस्त आला तो एखाद्या उधळलेल्या गुरासारखा. एक दिवस आणि एक रात्र असा कोसळला की ओढ्याला पूर आला, बांध फुटले, रानातली चांगली माती गढूळ होऊन वाहून गेली. दुसऱ्या दिवशी आभाळ घासून ठेवल्यासारखं स्वच्छ. पुन्हा ढग दिसला नाही. गावात लोक म्हणाले, यंदा पाऊस झाला. आप्पा एकटेच बांधावर बसून ओढ्याकडं बघत होते.

"झाला खरा," ते म्हणाले. "पन आला तसा निगून गेला. ईरीला काय मिळालं? पावना दारावरनं गेला, त्यात आपलं काय?"

संक्रांतीलाच विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या पायरीवर गेलं. विहिरीत खोल खोल जाणारं पाणी बघायला नको वाटतं, पण ऐकू येतंच. आमच्या विहिरीच्या कपारीत पारवे राहायचे. पाणी वर असलं की त्यांचं घुमणं भरल्यासारखं, मऊ यायचं. पाणी उतरलं तसं ते पोकळ झालं. आई विहिरीवर घागर भरायला गेली की वरून मला हाक मारायची, तर तिची हाक खाली जाऊन, उशीर करून, दुसऱ्याच कुणा बाईची असल्यासारखी वर यायची. एकदा ती दचकून म्हणाली, "आगं बया, ही कोन बोलली?" आणि मग हसली. पण त्यानंतर विहिरीवर ती कुणाला हाक मारीत नसे.

गावानं कारणं काढली. कुणी म्हणालं देवाचं चुकलं, कुणी म्हणालं ओढ्याकाठच्या नव्या विहिरीनं आमचं पाणी पळवलं. बरेच जण म्हणाले की पानमळ्यात कुणीतरी पायताण घालून गेलं असणार. गावातला दौलू गाडीवान, जो सगळ्यांच्या पानांचे डाग, म्हणजे गोणपाटात बांधलेली ओझी, गाडीत भरून सांगलीच्या बाजारात न्यायचा, तो मला दिसला की मोठ्यानं म्हणायचा, "ह्यो बगा! ह्योच गेला आसंल बूट घालून! कालिजात शिकतंय न्हवं!"

"दौलूतात्या, मला बूट हाईत कुठं?" मी म्हणायचो.

"न्हाईत? मंग काय शिकतूस रं तितं?"

सगळे हसायचे. माझ्या पायात तेव्हा आप्पांचीच जुनी पायताणं होती, टाचेकडं झिजलेली. पण त्या हसण्यात थोडी भीती असायची, ती मला कळायची. कारण पाऊस का बदलतो हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि पायताण कुणी घातलं याचा निदान शोध तरी घेता येतो. आता कॉलेजात चार वर्षं काढूनसुद्धा मला त्या लोकांना शहाणपणा शिकवावा असं वाटत नाही. भ्यालेल्या माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं.

विहीर आमची एकट्याची नव्हती. निम्मी आमची, निम्मी तानूकाकूची. काकू म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते मी लहान असतानाच वारले. तिचा मुलगा मारुती लढाईला गेलेला, कुठं तेही धड ठाऊक नाही, विचारील त्याला ती सांगायची, "समुद्राच्या पल्याड हाय. तितं पानी लय हाय म्हनं." तिचा तुकडा आमच्या पानमळ्याच्या वरच्या अंगाला, मध्ये फक्त एक बांध. एक दिवस मोटेचं पाणी आम्ही घ्यायचं, एक दिवस तिनं. पाळीवरून दोन्ही घरांत कधी शब्द झाला नाही, असं मी लिहिणार होतो. पण ते खरं नाही. शब्द रोज व्हायचे. काकूचं तोंड फाटकं. आप्पा पाट उशिरा फिरवायला लागले की ती बांधावरून ओरडायची, "आवं भावजी, पानी तुमच्या वेलीला पाजताय का तिला न्हाऊ घालताय? सोडा की हिकडं!" आणि दुपारी तीच ताकाचं मडकं घेऊन यायची.

मारुतीनं जाताना एक बैलजोडी ठेवली होती, त्यानं स्वतः पारखून आणलेली. त्या जोडीसाठी काकू आपल्या पाळीच्या पाण्यावर थोडं कडवळ, म्हणजे वैरणीची हिरवी ज्वारी, करायची. पाणी वर असताना आमच्या एका जोडीनं मोट निघायची. ते खोल गेलं तशी एका जोडीला मोट ओढेना. मग तिची जोडी आणि आमची जोडी अशी दोन्ही मोटेच्या उतरत्या धावेवर जुंपायला लागली. असा सगळा पेच होता. वेल जगायची तर पाणी हवं, पाणी निघायचं तर काकूचे बैल हवेत, बैल जगायचे तर कडवळ हवं, आणि कडवळालाही पाणीच हवं.

शिमग्याच्या आसपासची एक सकाळ मला लख्ख आठवते. मी सुट्टीला घरी आलो होतो. रात्रभर झिरपून जे काही पाणी विहिरीत साठायचं तेवढंच सकाळी काढायचं, असं चाललं होतं. त्या दिवशी थोड्याच मोटा झाल्या आणि पुढची मोट खाली दगडावर आपटली. वर आली ती गाळ घेऊन. थारोळ्यात, जिथं मोट रिकामी होते तिथं, पाण्याऐवजी चिखलाचा गोळा पडला. त्यात एक छोटा मासा होता. बैल थांबले. आप्पांनी नाडा धरलेला हात तसाच ठेवला.

काकू थारोळ्याच्या काठावर बसली. तिनं तो मासा ओंजळीत घेतला आणि घागरीत टाकला. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "भावजी, हितनं फुडं माझी पाळी तुमी घ्या."

"आन कडवळ?"

"कडवळ काय, जगलं वाचलं तर पुन्ना पेरीन. वेल मेली तर कुटनं आनायची? मामंजींच्या हातची हाय ती."

"आन बैलं?"

"इकते. मिरजंचा बाजार काय वस पडलाय व्हय?"

आप्पा बैलांपाशी गेले. बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिले. तिच्याच जोडीच्या, हे मी बघत होतो. मग म्हणाले, "मारुती दावनीला जोडी बांधून गेलाय. त्यो आल्यावर रिकामी दावन त्याला तू दावनार का मी?"

"यील तवा बगू."

"यील तवा न्हाई बगायचं. आत्ता बगायचं. वैनी, पानी कडवळाला जाईल. समदं."

"आन वेल?"

आप्पांनी मळ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता यांचा आवाज फुटणार. पण ते अगदी रोजच्यासारखं म्हणाले, "वेल निजवू."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं ते असं: सगळा मळा उतरवायचा. उतरणीचा तो हंगाम नव्हता. आणि एरवी शेंडा वर ठेवतात, तो उन्हात होरपळू नये म्हणून आप्पा तोही मातीखाली घेणार होते. पानं खुडून घ्यायची, सबंध वेल वेटोळी करून पुरायची, वर शेवरीच्या पाल्याचं पांघरूण घालायचं, आणि पावसापर्यंत घागरीनं ओल तेवढी धरायची. पान नाही तर तहान कमी, असा त्यांचा हिशेब. असं आमच्या भागात कुणी केलेलं कुणाला आठवत नव्हतं. शेजारच्या मळेवाल्यांनी येऊन सांगितलं, कुजेल, वाळवी लागेल, मातीची वाफ होऊन उकडून निघेल. एकजण म्हणाला, "आरं, जित्ती पुरतूस व्हय?"

"हुबी मरन्यापरास निजून मरू दे," आप्पा म्हणाले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी मला तेवढंच सांगितलं की पावसाआधी वेलीनं डोळे फोडले, म्हणजे कोंब काढले, तर ठीक, नाहीतर परीक्षा झाली की ट्रंक घेऊन घरी ये. मळ्याविना शिक्षण झेपायचं नाही. रागावून नाही सांगितलं. भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकत सांगितलं. आई चुलीकडं तोंड करून बसली होती. तिनं विनाकारण लाकूड आत सारलं.

मळा उतरवला ते दिवस मी कसे सांगू? लव्हाळ्याच्या गाठी सोडायचं काम आईचं आणि माझं. आईची बोटं भराभर चालायची, पण प्रत्येक गाठ सोडल्यावर ती वेलीला क्षणभर हातावर तोलायची, झोपेतल्या मुलाचं डोकं खांद्यावरून उचलतात तशी. आप्पा खड्डा करायचे, वेटोळं घालायचे, माती लोटायचे. शेवटची पानं खुडली ती बारकी, कडक, तिखट होती. काकू पाला आणून वर पसरायची आणि सगळा वेळ बडबडत असायची, "भावजी, जरा हळू, पाठ मोडंल तिची. आता ह्यो शेंडा कुनीकडं त्वांड करून ठिवला? उगवतीकडं करा की!"

आणि मग एका दुपारी मळ्यात ऊन आलं. माझ्या जन्मात मी तिथं ऊन पाहिलं नव्हतं. शेवरीच्या नुसत्या काठ्या उभ्या, आणि त्यांच्यामधून पलीकडचं सगळं दिसायला लागलं. आमचं घर दिसलं, दारातली शेळी दिसली, वाळत घातलेलं लुगडं दिसलं. आई डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. "किती मोकळं झालं रं," ती म्हणाली. घरात मयत झाल्यावर सामान हलवलं की माणसं म्हणतात, तशी.

त्यानंतर पाणी सगळं वरच्या अंगाला, काकूच्या कडवळाकडं जाऊ लागलं. दोन्ही जोड्या त्याच कडवळावर जगत होत्या. वेलींना आईनं घागरीनं आणलेलं, तेही भांडी विसळलेलं, तोंड धुतलेलं असं. तांब्याची धार पाल्यावर पडायची, जमीन ती 'स्स' करून पिऊन टाकायची, आणि पुढच्या वेलीकडं जाईपर्यंत मागची जागा पुन्हा कोरडी.

खाली काय चाललं असेल? हा विचार मला झोपू देईना, निजवलेली वेल जिवंत आहे की नाही, कुणास ठाऊक. एक दिवस न राहवून मी आप्पांना म्हटलं, "एखादी उकरून बघूया का? कोपऱ्यातली?"

आप्पा एकदम थांबले. "निजलेल्या पोराच्या तोंडावरचं पांगरून काढून बगत्यात व्हय रं, जित्तं हाय का म्हनून?"

 तेवढ्यात आई पलीकडून, मान वर न करता म्हणाली, "मी बगत हुते. ह्येच्या बारीकपनी राती उठून उठून बगत हुते."

 काकू जी हसायला लागली ती पदरात तोंड घालून. आणि आप्पाही हसले. त्या उन्हाळ्यात ते हसलेले मला एवढंच आठवतं. पण उकरू मात्र दिलं नाही. आमच्याकडं पुरलेल्या वेलीला हवा दाखवत नाहीत. ती आपल्या मनानं वर येते, नाहीतर येत नाही.

आई संध्याकाळी जाऊन पाल्याखाली तळवा घालून बघायची. माती गार आहे की तापलेली, एवढंच. घरी आली की मी तिच्या तोंडाकडं बघायचो. तिला माझं बघणं कळायचं आणि ती काहीतरी दुसरंच बोलायला लागायची. शेळीनं खुंटा उपटला, अमक्याच्या सुनेला मुलगा झाला. आता मोठा झाल्यावर मला वाटतं, प्रेम करणाऱ्या माणसांची ही एक भाषाच असते. खरं विचारायचं असतं त्याच्या भोवतीनं ती हिंडत राहतात.

मारुतीचं इथंच सांगून टाकतो. लढाई संपल्यावर तो परत आला, सुखरूप. काळाठिक्कर, मिशा ठेवलेला, हिंदीत 'अच्छा' म्हणणारा. आल्या आल्या आईच्या पाया पडायच्या आधी तो गोठ्यात गेला. काकूला त्याचा राग आला होता म्हणे, पण तिनं मला सांगताना तिचे डोळे भरले होते: "बैलानं वळखलं रं त्येला." पण हे पुष्कळ पुढचं.

मला परीक्षेसाठी सांगलीला परतावं लागलं. निघताना आप्पा बांधापर्यंत आले. सगळा मळा म्हणजे वाळल्या पाल्याच्या उंचवट्यांची रांग. आम्ही दोघंही तिकडं पाहत होतो. पायताण बांधावर काढून मी आत एक चक्कर मारली, हळू, पावलं न वाजवता.  

सांगलीत बातमी आणणार कोण? आमच्या घरचं पत्र यायचं तर गावच्या मास्तरांना शोधावं लागे, आणि आप्पांना मास्तरांपुढं आपलं दुःख बोलून दाखवणं जमलं नसतं. उरला दौलू. तो इतरांच्या मळ्यांतली, नदीकडच्या गावांची पानं घेऊन बाजाराला यायचाच. बाजाराच्या दिवशी मी पानअड्ड्यावर जाऊन उभा राहायचो. ओल्या गोणपाटांचा, पानांचा तो वास आला की मी दौलूची गाडी शोधायला लागायचो. दौलू गाडी सोडता सोडता लांबूनच मान हलवायचा. "आजून काय न्हाई रं." पुढच्या बाजारी तेच. त्याच्या पुढच्या बाजारी त्यानं माझ्याकडं बघायचंच टाळलं. बैलाच्या शिंगाला उगीच तेल लावत बसला.

"दौलूतात्या?"

"आरं, अब्यास कर. तुज्या बगन्यानं काय कोंब फुटनार हाईत?" मग हळूच, "खालच्या वळीतला पाला वाऱ्यानं उडाला. तुज्या आयेनं पुन्ना घातला. माती लय तापलीया म्हनली."

त्या आठवड्यात मी वाचत होतो ते काही डोक्यात शिरलं असेल असं वाटत नाही. दिनकर चेष्टा करायचा थांबला. एकदा मी पुस्तक मिटून बसलो होतो, तर तो म्हणाला, "शिरपती, आमच्याकडचा निम्मा पाऊस तुला देता आला आसता तर दिला आसता गड्या." त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. ट्रंक मी मनातल्या मनात बांधून ठेवली होती. कुठली पुस्तकं परत द्यायची, कुठली दिनकरला ठेवायची, तेही ठरवलं होतं. गावी जाऊन काय करायचं हे मला माहीत होतं. मला मोट हाकता येत होती. फक्त हाकायला विहिरीत पाणी असायला हवं होतं.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. फाटकापाशी लिंबाखाली दौलू उभा होता. बाजाराचा दिवस नव्हता. गाडी नाही, बैल नाहीत. पटका काढून वारा घेत होता, आणि कॉलेजच्या मुलांकडं, त्यांच्या कोटांकडं बुजून बघत होता. तो एवढ्या लांब, मुद्दाम आला होता. मी त्याच्यापाशी गेलो.

"फुटली," तो म्हणाला.

"समदी?"

"न्हाई. खोटं कशाला बोलू? खालच्या अंगाची गेली. वाळून सुतळी झाली हुती. आप्पांनी उकरली न्हाईत, वाळवीनंच वर आनून दावली. पर बांधाकडच्या वळी हाईत न्हवं, काकूच्या कडवळाला लागून, त्या समद्या जित्त्या! बोट बोट कोंब आल्याती. आप्पा म्हनलं, एवढ्याचं बेनं फुडं समद्या मळ्याला पुरतंय. पोराला म्हनावं, टरंक आनू नगंस."

 मी लिंबाच्या बुंध्याला टेकलो. वरच्या अंगाला कडवळ, मध्ये बांध, खाली मळा. कडवळाला दिलेलं पाणी आतल्या आत, बांधाखालून, त्या ओळींना पोचत राहिलं होतं. सगळ्यांना वरून दिसत होतं ते फक्त कडवळ.

"आप्पा काय करत्यात?" मी विचारलं.

"भांडत्यात."

"कुनाशी?"

"काकूशी, आन कुनाशी? कालधरनं चाललंय. आप्पा म्हनत्यात, वैनी, तुज्या पान्यानं वेल वाचली. ती म्हनती, माझं पानी कुटलं, समद्या पाळ्या तुमी दिल्या हुत्या, पानी तुमचंच. ह्ये म्हनत्यात तुजं, ती म्हनती तुमचं. तुजी आय मधी बसून नुसती हसतीया आन रडतीया." दौलूनं पटका डोक्याला गुंडाळायला घेतला. "म्या म्हनलं, मी सांगलीला चाललोय, पोरगं इचारल, तवा ठरवून सांगा, पानी कुनाचं हुतं? तर दोगांनी बी काय करावं? एकमेकाकडं बोट क्येलं."